आर्चर सी६ राऊटर: ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅब उघडणार असाल तर नक्की घ्या

टीपी-लिंकचा आर्चर सी६ घेऊ का असं आमच्या जुळे सोलापुरात हल्ली कोणी ना कोणी विचारत असतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. आधी निकाल सांगते. घ्या, पण सेटिंगच्या पानावर थोडा वेळ बसायची तयारी असेल तरच घ्या. जुना काढला, हा लावला, क्विक सेटअप केला आणि विसरून गेलो असं करणार असाल तर दोन-अडीच हजार घालून थोडीफार रेंज वाढेल, बास, त्यापलीकडं काही हाती लागणार नाही. ह्या राऊटरचा खरा माल बेसिकच्या शेजारच्या टॅबमध्ये आहे, अ‍ॅडव्हान्स्ड लिहिलेल्या, आणि तिथं बहुतेक लोक जातच नाहीत.

आमच्या घराचं सांगते म्हणजे मी कशावरून बोलतीये ते कळेल. दुमजली घर, खाली मामांचं म्हणजे माझ्या सासऱ्यांचं चादरी-टॉवेलचं गोडाऊन आणि छोटं ऑफिस, तिथं टॅलीचा कॉम्प्युटर, वायफाय प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा), वर आम्ही राहतो. माझी नोकरी पुण्याच्या कंपनीत, घरून, दिवसभर कंपनीचा व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) आणि मीटिंग. पुतण्याची गेम, सासूबाईंच्या मालिका टीव्हीवर, मुलाचा अभ्यास टॅबवर. खाली बाहेरगावचे व्यापारी आले की पहिल्यांदा पाणी आणि दुसऱ्यांदा वायफायचा पासवर्ड. एवढं सगळं इंटरनेट कंपनीनं फुकट दिलेल्या एका मशीनवर चालत होतं, आणि चालत होतं म्हणजे काय, लाईट जाऊन आली की काही ना काही बंद पडलेलंच असायचं.

हार्डवेअरचं थोडक्यात सांगते कारण ते बॉक्सवर लिहिलेलंच असतं. एसी१२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस, हे कागदावरचे आकडे, फोनला प्रत्यक्षात एवढं कधीच मिळत नाही, कुठल्याच राऊटरवर नाही. चार अँटेना बाहेर. महत्त्वाचं म्हणजे पाचही पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आहेत, एक वॅन (इंटरनेट आत येणारा) आणि चार लॅन (घरातली यंत्रं जोडायचे), आणि ह्या किमतीत ते बघूनच घ्यावं, कारण स्वस्तातल्या बऱ्याच राऊटरना १०० चेच पोर्ट असतात आणि मग तुमचा प्लॅन २०० चा असला तरी काटा ९४-९५ च्या पुढं सरकत नाही. यूएसबी पोर्ट नाही, हार्ड डिस्क लावून सगळ्यांनी पिक्चर बघायचा विचार असेल तर दुसरं मॉडेल बघा. वायफाय ५ आहे, ६ नाही. आमच्या घरातले निम्मे फोन आणि तो प्रिंटर वायफाय ६ चे नाहीतच, त्यामुळं मला त्याचं काही वाटलं नाही. नवी पेठेतल्या दुकानातून घेतला, तीन वर्षांची वॉरंटी आहे, पक्कं बिल घ्या आणि राऊटरच्या खालच्या लेबलवर हार्डवेअर व्हर्जन लिहिलेलं असतं त्याचा फोटो काढून ठेवा. एकाच नावाखाली ह्याची वेगवेगळी व्हर्जन आलीयत, आतली चिप वेगळी, मेनू थोडे वेगळे, आणि फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करताना आपल्याच व्हर्जनची फाईल लागते. दुसऱ्या व्हर्जनची कधी टाकू नका.

एक गोष्ट राऊटरची नाही पण सांगायलाच पाहिजे, ती म्हणजे केबल. गिगाबिट चालायला लॅन केबलच्या आठही तारा लागतात. १०० ला चारच पुरतात, त्यामुळं घाईत कनेक्टर बसवताना चारच तारा जोडलेल्या केबली आपल्याकडं पुष्कळ घरांत सापडतील. इंटरनेट कंपनीच्या मशीनपासून राऊटरपर्यंतची तेवढी एक केबल चांगली कॅट ६ घ्या, कनेक्टर पारदर्शक असतो, आत डोकावून आठ रंग मोजा.

आता पहिली लढाई. इंटरनेट कंपनीचं मशीन स्वतःच एक राऊटर असतं, त्याच्यामागं आपला लावला की दोन राऊटर एकामागं एक होतात, त्याला डबल नॅट म्हणतात. त्यावर नीट उपाय म्हणजे त्यांचं मशीन ब्रिज मोडला टाकून घ्यायचं, म्हणजे ते नुसती लाईन पुढं देतं, आणि पीपीपीओईचं (कंपनीच्या लाईनवर लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड आपल्या राऊटरमध्ये भरायचं. मी लाईनवाल्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, “वैनी, कशाला एवढा खटाटोप करालाव, आमचं मशीन चांगलं हाय की.” मग त्याला चहा दिला आणि समजावून सांगितलं की मशीन चांगलंच आहे पण मला प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बांधायचाय, पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं करायचंय, तुमच्या मशीनमध्ये त्या मेनूला कुलूप आहे. त्यानं ऑफिसात फोन लावला आणि करून दिलं. सगळेच देत नाहीत. देत नसतील तर अडून बसू नका, आपला राऊटर राऊटर मोडमध्येच ठेवा, डबल नॅट राहिलं तरी मीटिंग, व्हिडिओ, टॅली, यूपीआय कशालाच काही होत नाही. फक्त दोन्हींचे आयपी वेगवेगळे असायला पाहिजेत, ह्याचा १९२.१६८.०.१ असतो, कंपनीच्या मशीनचा बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ असतो, म्हणजे आपोआपच जमतं. डबल नॅट टाळायला म्हणून बरेच जण ह्याला अ‍ॅक्सेस पॉईंट मोडला टाकतात. तसं केलं की क्यूओएस (कुणाला आधी वेग द्यायचा ते), पॅरेंटल कंट्रोल, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून घरातल्या यंत्रापर्यंत वाट उघडणं), अ‍ॅड्रेस रिझर्वेशन सगळे मेनू गायब, उरतं ते फक्त वायफाय. ज्यासाठी घेतला तेच गेलं ना मग.

पोर्ट फॉरवर्डिंगबद्दल मात्र आधीच सांगते, कारण लोक डीव्हीआर बाहेरून बघायला पोर्ट उघडतात, तासभर डोकं लावतात आणि राऊटरला शिव्या देतात. पहिल्यांदा राऊटरच्या स्टेटस पानावर इंटरनेटचा आयपी बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, किंवा कंपनीचं मशीन ब्रिज मोडला असूनही गुगलवर माझा आयपी काय विचारल्यावर जो येतो त्याच्याशी जुळत नसेल, तर तुम्ही सीजीनॅटमध्ये आहात. आयपीव्ही४ चे पत्ते जगभरच संपत आलेत म्हणून कंपन्या एकाच पत्त्यावर बरेच ग्राहक बसवतात. वाड्याचा पत्ता एक आणि आत भाडेकरू चाळीस, पत्रावर नाव नसेल तर पोस्टमन कुणाला देणार, तसं आहे ते. आपल्या राऊटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून येणारं आधीच अडतं. मग कंपनीकडून महिन्याला पैसे भरून स्टॅटिक पब्लिक आयपी (आपल्या एकट्याचा, न बदलणारा) घ्यायचा, नाहीतर डीव्हीआरच्या स्वतःच्या अ‍ॅपनं क्लाऊडवरून बघायचं. आमचे कॅमेरे मामा अ‍ॅपवरूनच बघतात, यूपीएनपीही मी बंद केलंय, कारण त्यात घरातलं कुठलंही यंत्र न विचारता पोर्ट उघडू शकतं. पुतण्या कुरकुरला, गेममध्ये नॅट टाइप स्ट्रिक्ट (बाहेरच्यांना जोडायला अडचण) दाखवतं म्हणून, त्याला तो १०० पासून सुरू होणारा आयपी दाखवला, सीजीनॅट असताना यूपीएनपी चालू ठेवूनही ते काही बदलत नाही.

ज्या एका सेटिंगसाठी मी हा राऊटर दहादा घेईन ते म्हणजे अ‍ॅड्रेस रिझर्वेशन. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये नेटवर्क, त्यात डीएचसीपी सर्व्हर (यंत्रांना आयपी वाटणारा भाग), तिथं खाली आहे. खालच्या ऑफिसातला प्रिंटर लाईट गेली की ऑफलाइन व्हायचा, बिल छापायला गिऱ्हाईक उभं, मामा वर हाक मारणार, “अगं, ते परत बिघडलं बघ.” बिघडलेलं काहीच नसायचं. लाईट आल्यावर सगळी यंत्रं एकदम राऊटरकडं आयपी मागतात, प्रिंटरला काल शेवटी .०५ असलेला मिळाला असेल तर आज .०९ मिळणार, आणि कॉम्प्युटर बिचारा .०५ लाच बिल पाठवत राहणार. रिझर्वेशनमध्ये प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) निवडायचा, समोर आयपी लिहायचा, मी १९२.१६८.०.५० दिला, सेव्ह, आणि कॉम्प्युटरमध्ये प्रिंटर त्या आयपीवर पुन्हा जोडून घ्यायचा. झालं. डीव्हीआरला ५१, टॅलीच्या कॉम्प्युटरला ५२. त्यानंतर लाईट कितीदा गेली-आली पण प्रिंटरपायी मामांची हाक आली नाही. हे सेटिंग करायला पाच मिनिटं लागतात, आणि त्यासाठी गावात कितीतरी छोट्या दुकानदारांनी प्रिंटर बदललेत, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

फोनचं मात्र वेगळं आहे. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक देत नाहीत, बनावट देतात, प्रायव्हसीसाठी. बाहेर फिरताना ते चांगलंच आहे. पण घरच्या राऊटरात मुलाच्या फोनला वेळेचं बंधन लावलंत आणि फोननं मॅक बदलला की राऊटरला तो नवाच कोणीतरी वाटतो, बंधन गेलं उडत. म्हणून फोनमध्ये घरच्या वायफायच्या सेटिंगला जाऊन तेवढ्या एका नेटवर्कपुरतं डिव्हाइसचा मूळ मॅक वापर असं करून ठेवा, आणि मगच पॅरेंटल कंट्रोल लावा. हे न करता पॅरेंटल कंट्रोल चालत नाही म्हणून एक स्टार देणाऱ्यांना माझी विनंती आहे, एकदा हे करून बघा.

मुलांसाठी अजून एक सोपं काम, डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. डीएचसीपीच्याच पानावर प्रायमरी १.१.१.३ आणि सेकंडरी १.०.०.३ भरा. ही क्लाउडफ्लेअरची २०२० पासूनची फुकट सेवा आहे, बऱ्याचशा अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट उघडतच नाहीत, घरातल्या सगळ्या यंत्रांना एकदम लागू. अँड्रॉइडमध्ये प्रायव्हेट डीएनएस म्हणून एक सेटिंग असतं, ते कोणी बदललं तर हे चुकवता येतं, तेवढं लक्षात ठेवा. आणि मुलाशी बोलायचं ते बोलायचंच, ते राऊटर करत नाही.

गेस्ट नेटवर्क तर प्रत्येकानं करावं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आमच्याकडं पाहुण्यांनी घर भरलेलं असतं, प्रत्येकाला पासवर्ड पाहिजे, आणि त्यातल्या कुणाच्या फोनमध्ये काय अ‍ॅप आहेत आपल्याला काय माहीत. गेस्टच्या पानावर दोन टिक असतात, पाहुण्यांनी एकमेकांना बघू द्यायचं का आणि घरच्या नेटवर्कमध्ये येऊ द्यायचं का, दोन्ही बंद ठेवा. मग त्यांना इंटरनेट पूर्ण मिळतं पण टॅलीचा कॉम्प्युटर, प्रिंटर, डीव्हीआर दिसत नाहीत. फोनमधून त्या नेटवर्कचा क्यूआर काढून छापून खाली काउंटरला चिकटवलाय, व्यापारी स्वतःच स्कॅन करतात. वरचे वायफायवाले स्मार्ट बल्ब आणि गॅलरीतला एक कॅमेराही मी गेस्टवरच टाकलाय. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर असेच धरले होते, कंपनीचा मूळ पासवर्ड कोणी बदलला नव्हता म्हणून, आणि त्यांच्याच जोरावर त्या ऑक्टोबरात मोठमोठ्या साइट पाडल्या. आपल्याकडं आजही कॅमेरे बसवून जाताना पासवर्ड बदलून देणारे किती जण आहेत? एक मर्यादा आहे, ह्या राऊटरचं गेस्ट नेटवर्क वायरलेसपुरतंच आहे, केबलनं जोडलेला डीव्हीआर त्यात टाकता येत नाही. म्हणून त्याचा पासवर्ड तरी आधी बदला.

वायफायच्या पानावर मी काय केलं ते सांगते. स्मार्ट कनेक्ट बंद, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ ह्या दोन्ही बँडची नावं वेगळी झाली. २.४ वर प्रिंटर, टीव्ही, बल्ब, खालचं ऑफिस, ५ वर माझा लॅपटॉप आणि फोन. ५ भिंतीतून कमी जातं आणि आमच्या स्लॅबमधून तर खाली जवळजवळ पोचतच नाही, पण त्याच खोलीत बसून काम करायला त्याच्यासारखं काही नाही. २.४ ला चॅनल ऑटोवर ठेवू नका. एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. फोनमध्ये वायफाय अ‍ॅनालायझरचं कुठलंही अ‍ॅप टाकून बघा, शेजाऱ्यांची सगळी गर्दी कुठं आहे ते दिसतं, जिथं कमी तो घ्या आणि विड्थ (चॅनलची रुंदी) २० मेगाहर्ट्झ करा. विड्थ ४० केली की आकडा मोठा दिसतो पण दाट वस्तीत शेजाऱ्यांशी टक्कर वाढते. ५ ला मात्र ८० खुशाल ठेवा. सिक्युरिटीला डब्ल्यूपीए२, एईएस. तुमच्या व्हर्जनमध्ये डब्ल्यूपीए३ असेल तर दोन्ही चालणारा पर्याय निवडा, नुसतं ३ ठेवलं की जुनी यंत्रं जोडलीच जात नाहीत.

आणि डब्ल्यूपीएस बंद करा, आत्ताच करा. बटण दाबून जोडायची सोय म्हणून ते दिलेलं असतं, पण त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून हिशोबानं निघतो, त्यामुळं दहा कोटी नाही तर जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ मध्येच जाहीर झालंय. राऊटरच्या लॉगिनचा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड वेगळे ठेवा, मोबाईल नंबर तर ठेवूच नका, दुकानाच्या पाटीवर तो लिहिलेला असतो.

क्यूओएसवर थोडं जास्त बोलते कारण माझी नोकरी त्यावर आहे. मीटिंगमध्ये आवाज तुटतो तो बहुतेक वेळा वेग कमी म्हणून नाही, कोणीतरी मोठी फाईल वर चढवत असतं आणि रांग लागते. आमच्याकडं पुतण्याच्या गेमचं अपडेट आणि मामांच्या फोनचे फोटो क्लाऊडला जाणं हे दोन्ही नेमके माझ्या मीटिंगला. क्यूओएसमध्ये आधी एकूण वेग विचारतो, तिथं प्लॅनचा आकडा भरू नका, केबल लावून मोजा आणि त्याच्या नव्वद टक्के भरा, म्हणजे रांग कंपनीच्या मशीनमध्ये न लागता आपल्या राऊटरमध्ये लागते आणि तिथं कुणाला पुढं सोडायचं ते आपण ठरवतो. माझ्या लॅपटॉपला प्रायोरिटी दिलीये. फरक मला पहिल्याच मीटिंगला जाणवला. पण हे सगळ्यांना लागत नाही. घरात दोन-तीन फोन आणि ३०० चा प्लॅन असेल तर बंदच ठेवा, ह्या किमतीच्या राऊटरांत क्यूओएस चालू केलं की प्रोसेसरचं काम वाढतं आणि मोठ्या प्लॅनचा वरचा वेग कापला जाऊ शकतो.

सोलापूरच्या उन्हाचाही विचार करा. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर, आणि लोक राऊटर ठेवतात पत्र्याखालच्या माळ्यावर नाहीतर टीव्हीच्या स्टॅबिलायझरवर. भिंतीला लटकवायला मागं भोकं दिलीयत, घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, हवा लागेल असं लटकवा, लोखंडी कपाट आणि फ्रीजपासून लांब. लाईटसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घेताना राऊटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या, आणि कंपनीच्या मशीनलाही द्या, नाहीतर राऊटर चालू आणि इंटरनेट बंद.

कोणी घेऊ नये तेही सांगते. जुन्या पेठांतले दगडी भिंतींचे वाडे असतील, तीन-चार खोल्या लांबच लांब, तर तिथं एक राऊटर कितीही अँटेनांचा आणला तरी पुरणार नाही, केबल ओढून दुसरा लावा नाहीतर मेश (एकमेकांशी जोडून एकच वायफाय देणारे दोन-तीन राऊटर) घ्या. कॅमेरे, ऑफिस, घर असं केबलवरही वेगळं तोडायचं असेल तर व्हीलॅनवाला (एकाच नेटवर्कचे वेगळे भाग पाडणारा) राऊटर लागेल, तो महाग पडतो. आमच्यासारखं घर आणि खाली छोटा धंदा असेल तर हा पुष्कळ झाला, माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

सगळं मनासारखं लागलं की सिस्टम टूल्समध्ये बॅकअप अँड रिस्टोअर आहे, तिथून सेटिंगची फाईल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि स्वतःलाच मेल करा. टीव्ही हलवताना कोणाच्या हातून रिसेट दाबलं गेलं तर ती फाईल परत चढवायची, राऊटर रीस्टार्ट होतो आणि प्रिंटरचा ५० सुद्धा जागेवर असतो.